घळीतली पंगत

माझ्या सासूबाईंना माणसं चपलांवरून मोजता येतात. सकाळी ओसरीत कोण कोण येऊन बसलंय हे त्या कधी डोकावून बघत नाहीत. स्वयंपाकघराच्या दारातून नुसती उंबऱ्याबाहेर नजर टाकतात. इतके कोल्हापुरी जोड, इतके रबरी, एखादा बूट. मग पिठाच्या डब्यात हात घालतात आणि जेवढं पीठ बाहेर येतं तेवढ्यात ती सगळी माणसं जेवून ढेकर देऊन उठतात. भाकर कमी पडत नाही आणि उरतही नाही. एकदा तर एका बुटाकडं बघून त्या म्हणाल्या, "ह्यो जेवायचा न्हाई, ह्यो काम सांगून जाणार." आणि खरंच तो चहा पिऊन गेला.

त्यांचं नाव सुंदरबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आमच्या तलवाड्यात त्यांना नावानं हाक मारणारं कुणी नाही, सगळ्यांना त्या वैनी. कारण त्या आप्पांच्या मंडळी. आप्पा म्हणजे माझे सासरे विठ्ठलराव. घरचे-दारचे सगळेच त्यांना आप्पा म्हणतात. दोनदा सरपंच झाले, एकदा पंचायत समितीवर गेले, मग एकदा सपाटून पडले. त्याला बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या नावापुढचं 'माजी' काही उतरत नाही आणि आमच्या ओसरीवरची माणसंही उतरत नाहीत.

गावात विजेची डीपी जळाली, कुणाचा दाखला अडला, बांधावरून डोकी फुटली, की माणूस आप्पांकडं येतो. आप्पांच्या हातात आता काही नाही हे त्यालाही ठाऊक असतं आणि आप्पांनाही. तरी आप्पा फोन लावतात, मोठ्यानं बोलतात, काम कधी होतं, कधी होत नाही. जेवायची वेळ झाली की मात्र न चुकता म्हणतात, "चला, दोन घास खाऊन जा." हे म्हणायला त्यांना काहीच लागत नाही. ते दोन घास थापायला आणि भाजायला आम्हा दोघींची सकाळ जाते. मी आप्पांना कधी उलटून बोलले नाही, पण परातीत भाकर जरा जोरात थापते. ओसरीपर्यंत ऐकू जात असावं.

पंगत बसते, आम्ही वाढतो. आप्पा मधोमध, त्यांच्या उजव्या हाताला बंकटराव. हे बंकटराव आप्पांचे सगळ्यात जुने कार्यकर्ते. आप्पा पडले तेव्हा आप्पा रडले नाहीत, बंकटराव रडले. जेवण झालं की ते मोरीपाशी हात धुता धुता विचारतात, "वैनी, तुमचं जेवण?" आत्याबाई म्हणतात, "होईल की. तुमचं होऊ द्या." रोज हेच. मी नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं, केवढी काळजी करतो हा माणूस! मग लक्षात आलं की ते उत्तर ऐकायला थांबतच नाहीत, टॉवेल शोधत असतात.

तर झालं असं की माझी राजनंदिनी चौथीत आहे. हे लांबलचक नाव आप्पांनी ठेवलं, पुढंमागं बॅनरवर बरं दिसेल म्हणून. घरात ती नंदी. तिला शाळेतून चित्र काढायला सांगितलं, 'आमच्या घरचे जेवण'. तिनं काढलं. मधे आप्पा, त्यांच्या दोन्ही बाजूंना ओळीनं मिशाच मिशा, आणि कडेला दारात एक बाई हातात टोपली घेऊन उभी. दुसरी बाई चुलीपाशी पाठमोरी, ती मी. मी आपली बघून हसले. आत्याबाई हसल्या नाहीत.

"नंदे, मला बसलेली कावून न्हाई काढली?"

"तू बसतीस कधी, आज्जे?" नंदी म्हणाली आणि रंग भरायला लागली.

आत्याबाईंनी पदर सारखा केला आणि त्या तडक ओसरीवर गेल्या. भरल्या ओसरीवर त्या अशा कधी जात नाहीत. मी मागून धावले. आप्पा कुणाला तरी फोनवर "बघतो, बघतो" करत होते, त्यांनी फोन कानाचा काढला.

"मला एक दिवस पाहिजे," आत्याबाई म्हणाल्या.

"कशाला?"

"जेवायला."

ओसरीवर कुणीतरी खाकरलं. आप्पांनी इकडंतिकडं बघितलं. "घरात काय कमी हाय का जेवायला?"

"घरात तुमची माणसं हायेत. मला घरची माणसं पाहिजेत. तुमी, मी, तानाजी, वनमाला आन् नंदी. एक डाव तुमच्या शेजारी बसून सगळ्यांबरोबर जेवायचं हाय मला. मधी भाईरचं एक जरी माणूस आलं, तर मी ताट सारून उठंल, आन् परत जलमात तुमच्या संगं जेवायला बसायची न्हाई. सांगून ठेवते."

आत्याबाई धमक्या देणाऱ्यातल्या नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी आप्पांना "न्हाई" म्हटलेलं मी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळं हे त्या करतील याची सगळ्यांना खात्री होती. आप्पांना सगळ्यात जास्त.

यामागं एक जुनी गोष्ट आहे, ती मला आत्याबाईंनीच एकदा शेंगा फोडता फोडता सांगितली होती. यांच्या लग्नात जेवणाच्या वेळी नाव घेऊन एकमेकांना घास भरवायचा होता. आत्याबाईंनी नाव घेतलं, घास पुढं केला, आणि तेवढ्यात मोटारसायकलवरून कुणीतरी निरोप घेऊन आलं. सोसायटीच्या निवडणुकीची मोजणी सुरू झाली होती. नवरदेव मुंडावळ्यांसकट उठून मोटारसायकलवर मागं बसले. "पॅनल आलं निवडून," असं सांगून आत्याबाई हसल्या होत्या. "माझा घास तसाच हातात ऱ्हायला." मी सुद्धा हसले होते, पण मला त्या पॅनलचा तेव्हापासून राग आहे.

आप्पा म्हणाले, कपिलधारच्या धबधब्यावर जाऊ. आत्याबाई म्हणाल्या, "तिथं धारंला पाणी कमी आन् तुमच्या वळखीची माणसं जास्त." शेवटी त्यांनीच जागा सांगितली. त्यांचं माहेर पाटोद्याकडच्या डोंगरात. गावामागं एक खोल घळ आहे, कोरडी घळच म्हणतात तिला. पावसाळ्यात थोडे दिवस पाणी धो धो जातं, बाकी वर्षभर वाळू आणि धोंडे. तिथं देऊळ नाही, दुकान नाही, कुणी जात नाही. "आन् फोन लागत न्हाई," त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांचे डोळे असे काही चमकले की मला त्यांचा मुकाच घ्यावासा वाटला.

जायच्या दिवशी मी उठले तर आत्याबाई कधीच्याच चुलीपाशी. टोपलंभर भाकरी, वर धपाट्यांची ही एवढी चळत, पातेलंभर वांग्याची भाजी, बरणीभर शेंगदाण्याची चटणी, गाडग्यात दही आणि ठेचा. मी कपाळाला हात लावला.

"आत्याबाई, आपण पाचजण हाव."

त्यांनी टोपल्याकडं बघितलं आणि त्यांनाच धक्का बसला. "अगं, आज भाईर चपलाच न्हाईत," त्या म्हणाल्या. "हाताला कळलंच न्हाई कुठं थांबायचं."

पाच माणसांचा स्वयंपाक त्यांनी आयुष्यात कधी केलाच नव्हता. आता टाकून तर देता येत नाही. सगळं गाडीत भरलं. तानाजी, म्हणजे माझा नवरा, गाडी चालवणार होता. तो गरीब माणूस आहे, बापाला आणि आईला एकाच वेळी घाबरतो. आप्पा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट-पायजमा घालून आले. दगडधोंड्यांत जायचंय हे सांगूनही. त्यांच्याकडं दुसऱ्या रंगाचे कपडे नाहीतच.

आत्याबाईंनी त्यांना बजावून ठेवलं होतं, की कुठं जातोय हे कुणाला सांगायचं नाही. आप्पांनी शब्द पाळला. आदल्या दिवशी त्यांनी बंकटरावांना एवढंच सांगितलं, "उद्या मी न्हाई. कुठं ते इचारू नको. कुणाला बोलू नको. फोन बंद ऱ्हाईल."

आप्पांना वाटलं, किती चोख बोललो आपण. पण आमच्या भागात, निवडणुका तोंडावर आल्या असताना, एखादा माजी माणूस कार्यकर्त्यांना न घेता, फोन बंद करून, न सांगता निघून गेला, तर त्याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. बायकोला घेऊन जेवायला गेलाय असा अर्थ कुणीच काढणार नाही. आप्पा पक्ष बदलायला चाललेत, असाच अर्थ निघणार. तो अर्थ आमच्या मागं तलवाड्यात सकाळीच निघाला, आणि आम्ही आपले गाडीत नंदीच्या भेंड्या ऐकत बसलो होतो.

गेवराईला हवा भरायला थांबलो. तेवढ्यात आप्पा खाली उतरून सात-आठ जणांना नमस्कार करून आले. "आप्पा, कुठं?" "असंच, घाटाकडं." आणि वर ते ठेवणीतलं हसू. बीड ओलांडलं, मांजरसुंब्याला चहाला थांबलो, तिथंही तेच. "असंच, घाटाकडं." ज्याला हे हसू ठाऊक नाही त्यालाही वाटावं, यात काहीतरी मोठं आहे. गाडी सुटल्यावरही आप्पांचा हात खिडकीबाहेरच. रस्त्याकडेला कुणी नुसतं खाजवायला हात वर केला तरी आप्पा नमस्कार करतात. आत्याबाई काच वर करून समोर बघत बसल्या होत्या.

पाटोद्याच्या अलीकडं डांबरी सोडली, मातीच्या रस्त्यानं एका माळावर आलो. माळ उघडाबोडका, कुसळं वाळलेली, मधेच एखादा पळस पेटल्यागत लाल. घळ कुठं दिसेना. आत्याबाई उतरल्या, साडीचा काचा मारला आणि चालायला लागल्या. दोन बाभळींच्या मधून पुढं गेलो तर पायाखालची जमीनच संपली. खाली हे एवढं खोल! दोन्ही बाजूंना काळा कातळ, त्यात मधून तांबड्या मातीचा लांबच लांब पट्टा, तळाला पांढरी वाळू आणि घराएवढे धोंडे. पारवे कपारीतून फडफडत बाहेर पडले. नंदी "आई गंऽऽ" म्हणून माझ्या हाताला लोंबकळली.

"उतरायचं कुठून?" तानाजीनं विचारलं. वाट अशी नव्हतीच. आत्याबाई तोवर चार धोंडे उतरून गेल्या होत्या.

मी त्यांना बारा वर्षं बघतेय. गुडघे धरून उठणाऱ्या, जिना चढताना "आई आई" करणाऱ्या. आणि इथं त्या टोपलं डोक्यावर घेऊन शेळीगत खाली उतरत होत्या. शिवाय सूचनाही देत होत्या. "वनमाला, तिथं पाय नको, सुटा दगड हाय. तानाजी, बसून ये. अहो, तुमी मुरूम बघून..." एवढ्यात आप्पा मुरमावरून घसरले आणि बसूनच पुष्कळ अंतर खाली आले. उभे राहिले तेव्हा पायजम्याची मागची बाजू तांबडी. नंदी खिदळली. आप्पांनी मागं वळून बघायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही. मग तेही हसले. आप्पांना खळखळून हसताना मी कितीतरी दिवसांनी बघत होते.

तळाला गारवा होता. ऊन वर कातळाच्या काठावर अडलेलं. आम्ही वाळूतून आत आत चालत गेलो. घळ वळत होती, कुठं इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडचा दगड लागावा, कुठं एकदम अंगणासारखी मोकळी. पाण्यानं कातळात रांजणासारखे गोल खड्डे पाडलेले. त्यातल्या एका कोरड्या रांजणात आत्याबाई उतरल्या आणि गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. "इथं झोपायचे मी," त्या म्हणाल्या. "शेरडं वर चरायची आन् मी इथं. आई हाका मारून मारून दमायची." नंदीही आत उतरली. रांजण दोघींना बरोबर पुरला.

एका वळणावर वानरांची टोळी कातळावर ओळीनं बसली होती. आम्हाला बघून त्यांनी माना वळवल्या. एवढी मंडळी ओळीनं बसून आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर आप्पांचे हात आपोआप जोडले गेले. तानाजी तोंड फिरवून हसला. मी हसू दाबलंच नाही.

पुढच्या मोकळ्या जागेत नंदीनं आज्जीला हाक मारली आणि घळीनं ती तीन-चारदा परत दिली. मग काय, पोरगी सुटलीच. स्वतःचं नाव, मैत्रिणींची नावं, शेवटी पाढे. आप्पा कौतुकानं ऐकत होते. जरा वेळानं त्यांनाही राहवेना. इकडंतिकडं बघून त्यांनी घसा साफ केला, एक हात वर केला आणि म्हणाले, "पाण्याचा प्रश्न सुटला पाहिजे!"

"पाहिजे... पाहिजे... पाहिजे," चारही बाजूंनी घळ म्हणाली.

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतक्या वर्षांत एकमतानं पाठिंबा देणारी सभा त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती. त्यांनी रस्त्याचा प्रश्न मांडला, विजेचा मांडला. सगळे ठराव मंजूर झाले. "बास करा आता," आत्याबाई म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

पुढं एका कातळाच्या सावलीत त्यांनी वाळू उकरली. कोपरभर खड्डा झाल्यावर तळाला ओल आली, मग हळूहळू पाणी. "हाय अजून," त्या म्हणाल्या, आणि खूश होऊन त्यांनी ते पाणी डोळ्यांना लावलं. तिथंच एक सपाट दगड होता. त्यावर चादर अंथरली, ताटं मांडली. आत्याबाई सवयीनं उभ्याच राहिल्या, टोपली कमरेला लावून.

"बस की," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी आपल्या शेजारची जागा हातानं झाडली.

आत्याबाई बसल्या. खरं सांगते, त्यांना बसताच येईना. कधी मांडी घातली, कधी एक गुडघा वर घेतला, पुन्हा पुन्हा पदर सारखा केला. ताट समोर ठेवलं तर त्या वाढायला डाव शोधायला लागल्या. डाव मी माझ्याकडं ओढून घेतला. धपाटं, दही, ठेचा, भाजी, सगळं त्यांच्या ताटात आधी वाढलं, मग आप्पांच्या. तानाजीला वाटलं मी चुकले, तो काही बोलणार होता. मी डोळे मोठे केले, तो गप्प बसला.

आप्पांनी पहिला तुकडा मोडला. आणि वरून आवाज आला.

"आप्पाऽऽ!"

आप्पा... आप्पा... आप्पा. घळभर.

आम्ही सगळे दगड झालो. तो आवाज बंकटरावांचा होता. पाठोपाठ दुसरा, तिसरा. वर माळावर माणसं धावत असल्याचं कळत होतं. कातळाखाली असल्यामुळं आम्ही त्यांना दिसत नव्हतो, आणि तेही आम्हाला दिसत नव्हते.

"आप्पाऽऽ! इचारत इचारत आलो, गाडी सापडली तुमची! काय ठरलं ते आमाला बी सांगाऽऽ!"

"अरे हळू बे, आत मीटिंग चालू असंल," दुसरा कुणीतरी. तेही घळीनं तीनदा ऐकवलं.

"मीटिंग?" आप्पा पुटपुटले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "च्यायला! मी पक्ष बदलायलोय असं वाटलं त्यान्ला."

"आप्पा, जिकडं तुमी तिकडं आमीऽऽ!" बंकटराव ओरडत होते. "आमाला टाकून जाऊ नका!" आणि मग त्यांनी घोषणाच सुरू केल्या. "आप्पासाहेबांचा विजय असोऽऽ!" बाकीच्यांनी उचलून धरलं. विजय असो, असो, असो. ह्या कातळावरून त्या कातळावर, पुढं वळणापर्यंत जाऊन परत. वर जेमतेम आठ-दहा माणसं असतील, पण खाली ऐकताना सगळा जिल्हा जमल्यासारखं वाटत होतं.

मी आप्पांकडं बघितलं. आप्पा पडले त्या दिवसापासून ही घोषणा कुणी दिली नव्हती. आमच्या ओसरीवर माणसं येतात, जेवतात, कामं सांगतात, पण घोषणा कोण देतंय? त्यांची मान ताठ झाली. शर्टाची कॉलर त्यांनी नकळत सारखी केली. एक हात जमिनीवर टेकला. उठायच्या आधी ते असाच हात टेकतात.

आत्याबाई त्यांच्याकडं बघत नव्हत्या. ताटाकडं बघत होत्या. बोटं ताटाच्या कडेवर होती, सारायला तयार. रागाची एक रेघ त्यांच्या तोंडावर नव्हती. हे असंच होणार हे आधीच ठाऊक असलेल्या माणसाचा चेहरा होता तो, आणि मला तो बघवेना. आता हे उठले तर मी पण उठणार, मी मनाशी ठरवलं, आणि उद्यापासून ओसरीवरच्यांनी आपापल्या भाकरी घरून आणाव्यात.

आप्पांचा टेकलेला हात वर आला. त्यांनी तो आत्याबाईंच्या बोटांवर ठेवला, ताटाच्या कडेवर. मग दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवून आम्हा सगळ्यांना गप्प राहायची खूण केली.

"कुणी ओ द्यायची न्हाई," ते कुजबुजले. "धपाटं गार व्हायलंय."

नंदीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. आप्पांनी धपाट्याचा तुकडा मोडला, दह्यात बुडवला आणि आत्याबाईंच्या तोंडापुढं धरला.

आत्याबाई एकदम लाजल्या. साठीची बाई, कानापर्यंत लाल झाली. "पोरं बघायलीत," त्या म्हणाल्या.

"बघू दे. तो एक ऱ्हायलाय आपला."

म्हणजे ते विसरले नव्हते. इतकी वर्षं मला वाटत होतं, विसरले असतील.

"मग नाव घ्या," आत्याबाई म्हणाल्या. "तसा न्हाई खायची मी."

आप्पा म्हणजे समोर माईक आला की घड्याळ न बघणारा माणूस. पण इथं त्यांना काही सुचेना. वर त्यांच्या नावाचा गजर चालू होता, आप्पासाहेबांचा विजय असो, असो, असो. आप्पा आत्याबाईंच्या कानाशी वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "सुंदर."

एवढंच. यमक नाही, काही नाही. माझ्या लग्नानंतर मी त्यांच्या तोंडून हे नाव पहिल्यांदा ऐकलं. घरात "अगं" असतं, नाहीतर "तानाजीची आई".

आत्याबाईंनी घास घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या, आणि तोंडात घास असल्यामुळं दोन्ही नीट जमत नव्हतं. मला रडू कोसळलं. ठेचा लागला असं मी तानाजीला खुणेनं सांगितलं. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्याचेही डोळे ओले होते, आणि त्यानं तर ठेचा घेतलाच नव्हता.

मग आम्ही जेवलो. वर लोक कंठशोष करत होते आणि खाली आम्ही चोरासारखं, बोटं चाटत, एकमेकांना खुणा करत जेवलो. आत्याबाईंनी घाई केली नाही. भाजी पुन्हा घेतली. चटणी आप्पांच्या ताटातून उचलली. अर्धी भाकर मोडून घेतली, मग उरलेली अर्धी पण घेतली. त्यांना भूक किती असते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. वर घोषणा दमल्या, मग नुसत्या हाका राहिल्या, मग बंकटरावांचा एकट्याचा बारीक आवाज, "आप्पा, निदान ओ तरी द्या..."

आत्याबाईंनी शेवटचा घास खाल्ला, वाळूतल्या पाण्यात हात धुतले, पदराला पुसले. मग मान वर करून कान दिला.

"आठ-दहाच हायेत," त्या म्हणाल्या. चपला दिसत नव्हत्या तरी अंदाज चुकला नव्हता. "पुरतंय." आणि सावलीतून उन्हात येऊन त्यांनी अशी खणखणीत हाक दिली की वानरंसुद्धा उठून बसली असतील. "बंकटरावऽऽ! या खाली, जेवायला!"

ते आले. चपला हातात घेऊन, मुरमावरून घसरत, तांबडे होऊन आले. बंकटराव आले ते आधी धोंड्याआड, रांजणात, सगळीकडं बघत आले.

"कुठं गेली ती माणसं, आप्पा?"

"कोण माणसं?"

"तुमाला भेटायला आलेली. खरं सांगा, कुणाची भेट होती?"

"हिची," आप्पा म्हणाले आणि आत्याबाईंकडं बोट केलं.

सगळे मोठ्यानं हसले. कुणाचाच विश्वास बसला नाही. अजूनही तलवाड्यात माणसं सांगतात, त्या दिवशी घळीत काहीतरी मोठं ठरलं, आप्पा बोलत नाहीत एवढंच.

पंगत बसली. मी टोपलीला हात घातला तर आप्पांनी ती माझ्याकडून काढून घेतली. त्यांना वाढता येत नाही. भाकरी त्यांनी पत्रकं वाटल्यासारख्या वाटल्या, ठेचा एकालाच ढीगभर वाढला, दही दोघांच्या ताटाबाहेर सांडलं. पण वाढलं. आत्याबाई कातळाला पाठ लावून, पाय लांब करून बसल्या होत्या, आणि नंदी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. आप्पा मधेच विचारायचे, "चटणी कुठं हाय?" त्या बसल्या जागेवरून हात करायच्या, "ती काय."

बंकटरावांचं पोट भरलं. ते उठले, हात धुवायला पाण्यापाशी वाकले, आणि पुसायला टॉवेल शोधता शोधता नेहमीसारखं बोलून गेले, "वैनी, तुमचं जेवण?"

"जेवले," आत्याबाई म्हणाल्या.

बंकटराव टॉवेल शोधायचे थांबले. ओले हात तसेच धरून त्यांनी मागं वळून बघितलं.